पेशीच्या जमाखर्चातील एक बिघाड
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. तथापि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन एक प्रश्न वारंवार विचारतात : "शेजारच्या खाटेवरील रुग्णाला औषध लागू पडले, मग आमच्या वडिलांनाच का नाही? आमचे काही चुकले का?" डॉक्टरांकडून आम्हांस उमगलेले त्याचे एक उत्तर आज आपणांपुढे मांडतो.

पेशी प्रथिने घडविते, तशीच नको असलेली प्रथिने मोडीतही काढते. मोडीत जाणाऱ्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते. या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'कीप-१' हे जनुक याच व्यवस्थेतले. 'एनआरएफ-२' नावाचे रक्षक प्रथिन एरवी सतत मोडीत निघावे, ही त्याची जबाबदारी. पेशीवर संकट आले की मोड तात्पुरती थांबते व रक्षक कामास लागतो.

कीप-१ बिघडले की हा रक्षक कायमचाच साठून राहतो. मग तो कर्करोगाच्या पेशीचेच रक्षण करतो, औषधांचा मारा बोथट करतो आणि वाढीसाठी लागणारा कच्चा मालही तिला पुरवितो. अमेरिकेतील 'कॅन्सर जिनोम ॲटलास' प्रकल्पाने २०१४ साली फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा प्रकारच्या २३० गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे १७ टक्के गाठींत कीप-१ मध्ये बदल आढळला.

हा बदल बहुतांशी त्या गाठीतच उद्भवलेला असतो. तो मुलाबाळांकडे जात नाही. शुश्रूषेतील उणिवेमुळेही तो होत नाही. तेव्हा कुटुंबीयांनी स्वतःस दोष देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती.

हा बिघाड दुरुस्त करणारे औषध अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खोटी आशा देऊन कोणाचे घरदार गहाण पडावे, हे धर्मादाय संस्थेस शोभणारे नाही. परंतु ताळेबंद जुळत नसेल, तर चूक कोणत्या नोंदीत आहे हे शोधणे ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. गाठीच्या तपासणीस आपण दिलेला प्रत्येक रुपया आम्ही त्याच पायरीवर खर्च झाला असे मानतो.