निरगाठ आणि सुरगाठ



पायजम्याची नाडी बांधायला शिकवताना आजीने मला दोन शब्द शिकवले होते, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ बसली की बसली. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते. शाळेत नेमक्या घाईच्या वेळी भलतीच गाठ पडल्याची फजिती तुमच्यापैकीही पुष्कळांनी भोगली असेल. मला ती पन्नाशीत पुन्हा आठवली, आणि निमित्त झालं एका पतंगाचं.

मी पेडणे तालुक्यातला. लेथ चालवतो. पाऊस लागायच्या आधीच्या महिन्यांत मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडचा वारा धरतो आणि मोठाले रंगीत पतंग वर चढतात. हे काइटसर्फिंग. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या आकड्यात अडकवलेला एक लूप, तिथून वर गेलेल्या वीस-चोवीस मीटरच्या चार दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला दहा-बारा चौरस मीटरचा पतंग. हातात असतो तो साधारण अर्ध्या मीटरचा दांडा. त्याला सगळेच 'बार' म्हणतात.

पुढच्या दोन दोऱ्या बारच्या मधल्या भोकातून येऊन कमरेच्या लूपला मिळतात. मुख्य ओढ त्या घेतात. मागच्या दोन बारच्या टोकांना असतात. बार जवळ ओढला की पतंगाची मागची कड खाली येते, वारा जास्त धरला जातो आणि ओढ वाढते. बार पुढे ढकलला की वारा सांडतो. संक्रांतीला ढील दिलेल्या माणसाला हे निम्मं न सांगता कळेल. फरक एवढाच, की इथे मांजा बोटावर नसतो, कमरेला असतो. बोट उघडून भागत नाही.

हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी 1984 साली घेतलं. पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येतो, ही त्याची खुबी. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बिल रोझलर आणि त्यांचा मुलगा कोरी यांनी तर बारवरच दोऱ्या गुंडाळायची रीळ बसवली होती. आज हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. 2024 साली त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. पण सुरुवातीच्या पतंगांची ओढ पाहिजे तेव्हा मारता येत नसे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. बारा नॉटच्या वाऱ्यात बेताने ओढणारा पतंग चोवीस नॉटच्या झोतात माणसाला खडकावर नेऊन आपटू शकतो. म्हणून लूपमध्ये एक सुटका ठेवलेली असते. सगळे तिला क्विक रिलीज म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा मोडलेला बार घेऊन माझ्याकडे आला. मी तो उघडून पाहिला आणि म्हटलं, यात काय आहे? हा तर मीच करीन.

दांडा सोपा गेला. ॲल्युमिनियमची नळी, वर रबराची पकड, मधे प्लास्टिकचा ठोकळा. त्या ठोकळ्याच्या भोकाला मात्र मी एक अख्खी सकाळ दिली. दोरी डायनीमाची. वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट, पण कड लागली की तंतू तंतू होते. भोकात करंगळी फिरवून कुठेही धार लागत नाही ना, हे बघतच गोलाई घासत आणली. या दोरीला साधी गाठ मारली तर तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते, म्हणून टोकं आतल्या आत ओवून फासे केले.

मग सुटका. पहिल्या प्रयत्नात मी चिमट्यात आडवी खीळ घातली. खीळ उपसली की लूप मोकळा. हातात धरून पाहिलं तर करंगळीने निघत होती. मग ओसरीवरचा झोपाळा उतरवला आणि त्याच्या कडीला हे सगळं टांगून खाली सिमेंटच्या दोन गोण्या लटकावल्या. म्हणजे शंभर किलो. आता खीळ हलेना. शेवटी हातोडी घ्यावी लागली. कारण सरळ आहे. लोखंडावर लोखंड, घर्षण भाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं धरलं तरी तीस-पस्तीस किलो जोर लागणार. जितकी ओढ जास्त, तितकी गाठ घट्ट. आजीच्या भाषेत सांगायचं तर सुरगाठीची निरगाठ झाली होती.

दुसऱ्या प्रयत्नात तरफ वापरली. खीळ एका टोकाला बिजागरीवर फिरती ठेवली. लूपचा भार बिजागरीपासून पाच मिलिमीटरवर आणि खिळीचं दुसरं टोक पन्नास मिलिमीटरवर. ते टोक एका सरकत्या बुशखाली, म्हणजे छोट्या नळीखाली, दडवलं. हिशेब बघा. शंभर किलोचा भार टोकाशी दहा किलो होतो. बुश गुळगुळीत प्लास्टिकचा, घर्षण पाचवा हिस्सा. म्हणजे बुश सरकवायला दोन किलो पुरेत. गोण्या टांगल्या, अंगठ्याने बुश ढकलला आणि धप्प! ओसरीची एक फरशी गेली. घरच्यांनी काय ऐकवलं ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

मग तीच सुटका समुद्राच्या पाण्यात बुडवून वाळूत घोळली. बुश जाम. आम्हा लेथवाल्यांना घट्ट बसणीचा अभिमान असतो. इथे तोच नडला. बुश अर्धा मिलिमीटर सैल कातला, तेव्हा वाळू पाण्याबरोबर निघून जायला लागली.

आता प्रश्न दिशेचा. बुश कुठल्या बाजूला सरकावा? माणूस घाबरला की मूठ आवळतो आणि हातातलं जवळ ओढतो. बार जवळ ओढला तर ओढ आणखी वाढते! म्हणून सुटका पुढे ढकलायची ठेवतात, पतंगाच्या दिशेने. जीव वाचवायला एकच हालचाल लक्षात ठेवायची: पुढे ढकला.

लूप सुटला तरी पतंग लगेच हातचा जात नाही. पुढच्या दोऱ्यांपैकी एक वेगळ्या दोराने पट्ट्याला जोडलेली असते. बार त्या दोरीवर पतंगाच्या रुंदीएवढा वर पळतो, पतंग एकाच दोरीवर राहतो आणि फडक्यासारखा पाण्यावर पडतो. तो पळण्याचा मार्ग अगदी मोकळा हवा. वाटेत एक गाठ राहिली तरी पतंग मरत नाही. त्यानेही भागलं नाही तर त्या दोरालाही स्वतःची सुटका असते. आणि शेवटचा उपाय म्हणून पट्ट्यात छोटी आकडेसुरी.

मग तुम्ही विचाराल, तुमची सुटका घेऊन तो मुलगा पाण्यात गेला का? नाही. या सुटकेसाठी 2020 साली आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात ती कशी तपासायची हे ठरवून दिलं आहे. माझ्याकडे दोन गोण्या आणि एक बादली वाळू. दांडा माझा, भोक माझं, फासे माझे, पण सुटका विकतची बसवली. माझी खीळ दुकानात खुंटीला आहे, येणाऱ्या पोरांना दाखवायला.

काइटसर्फिंग करणाऱ्यांना एवढंच सांगणं. बार घरी करायचा तर हौसेने करा, सुटका मात्र तपासलेलीच घ्या. आणि घरचा असो की विकतचा, पाण्यात शिरण्यापूर्वी दर वेळी वाळूवर उभं राहून, कमरेवर अंगाचा भार देऊन, ती एकदा स्वतःच्या हाताने उघडून बघा.