आधी बाळंतीण, मग बिंदू



परिषदेच्या अध्यक्षाने ॲक्युपंक्चर क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. डॉ. बिजोयकुमार बसूंनी ही विद्या चीनमधून कोलकात्याला आणली. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात त्यांच्यासोबत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. पुढे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, २०१९ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. आढावा इथेच थांबवतो, कारण वर्षानुवर्षे मनात साचलेले आज बोलायचे आहे. आपल्या परिषदांत गुडघा येतो, कंबर येते, अर्धशिशी येते. बाळंतीण येत नाही.

बाळ जन्मले की घरादाराच्या नजरा पाळण्याकडे वळतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. त्या आईचीही विचारपूस करतात, पण काटा असतो बाळाच्या वजनाचा. पूर्वी सव्वा महिना बाज होती, शेगडी होती, ओवा-बाळंतशेपाची धुरी होती. चीनमध्येही बाळंतीण महिनाभर घरात राहते आणि काही ठिकाणी तिच्या ओटीपोटाला मोक्साचा, म्हणजे जळत्या वनस्पतीचा, शेक देतात. ऊब आणि विसावा ही तिची गरज दोन्हीकडच्या आज्यांनी ओळखली होती. आज शहरातल्या दोन खोल्यांत बाज मावत नाही, मालीशवाली मिळत नाही. मग ती जागा आपण का घेत नाही?

आपले वाद भलतेच. दूध कमी असेल तर करंगळीच्या नखाशी असलेला सुईचा बिंदू घ्यावा की छातीच्या मध्यावरचा, यावर सकाळीच दोन सहकारी हिरीरीने भांडले. माझे उत्तर गिरगावातल्या एका चाळीत मिळाले. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला दूधच नाही." मी सुनेला विचारले, "बसता येतं का गं?" तिचे डोळे भरले. टाके इतके ठणकत होते, की बाळाला नीट धरताही येत नव्हते. बाळ ओढते तेव्हा पान्हा फुटतो; वेदना आणि धास्ती तो अडवतात. मी दुधासाठीचा एकही बिंदू घेतला नाही. घोट्याच्या वरचा, गरोदरपणी आपण वर्ज्य मानतो तो बिंदू आणि हातावरचा एक, एवढ्यानेच ठणका उतरला. बाळाला कुशीवर झोपून कसे पाजायचे, ते दाखवले. दूध आले. वाद संपला!

तरुणांनो, हेही ऐका. भळाभळा रक्त जात असेल, ताप असेल, पोटरी सुजून दुखत असेल, झटके येत असतील, तर सुईची पेटी उघडायची नाही. तिला तडक रुग्णालयात न्यायचे. स्वतःच्या वा बाळाच्या जिवावर उठण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले तर तिला एकटे सोडायचे नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे. बाळंतिणीच्या उपचारांबाबतचा आपला पुरावा अजून तोकडा आहे. बढाया मारून तो वाढणार नाही.

म्हणून बाळंतिणींची एक सामाईक नोंदवही सुरू करू. प्रसूतितज्ज्ञांशी, आशाताईंशी बोलू. तपशील समिती ठरवील. पण पुढच्या परिषदेत पहिले सत्र बाळंतिणीचे हवे, आणि त्यात पहिली बोलेल ती बाळंतीणच. हे मान्य नसेल, त्याने आत्ताच उठून सांगावे.