गाडी पिकअप घेत नाही, तेव्हा



मी कल्याण पश्चिमेला राहते आणि गेली अकरा वर्षं गाडी चालवते. गाडी छोटीच आहे, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. आज तिच्या एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे. आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, गाडी क्षणभर अडते आणि मग एकदम धक्का देऊन निघते. गॅरेजच्या भाषेत, गाडी पिकअप घेत नाही, मिसिंग मारते.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन मी शिळफाट्याकडून कल्याणला येत होते. एके ठिकाणी दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळायचं होतं. समोरून डंपर येत होता, पण चांगला लांब होता. मी पाय दाबला आणि गाडी अर्ध्या रस्त्यात अडखळली. एक सेकंद, दोन सेकंद. डंपरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आम्ही वाचलो. घर येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन दोनदा रेस केलं आणि म्हणाला, "ताई, पेट्रोल पंप गेलाय. इंजेक्टरपण बघावे लागतील. पंधरा हजार धरून चला." मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणे, "ते तुम्हाला नाही समजणार." मी गाडी घेऊन घरी आले. पैसे तर लागणारच होते, पण कशाचे ते मला कळायला हवं होतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "कधी अडखळते? गार असताना की तापल्यावर? गॅसवर की पेट्रोलवर? चढावर की सपाटीला?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "मग चार दिवस लिहून ठेव. गाडी तू चालवतेस, मेकॅनिक नाही. हे तुलाच सांगता येणार."

मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. सकाळी पाऊस असला की जास्त. पत्री पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हमखास. सीएनजीवर धक्के, तिथेच पेट्रोलवर टाकली की जवळजवळ नाहीत. चौथ्या दिवशी वही दाखवली तशी काका हसले. "पेट्रोलचा पंप फक्त पेट्रोल ढकलतो. गॅस सिलिंडरमधल्या स्वतःच्या दाबानं येतो. दुखणं गॅसवर आहे, तर मग पंप कसा गेला?"

मैत्रिणींनो, इंजिनला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि ठिणगी. पाय दाबला की तिन्ही एकदम वाढाव्या लागतात, ठिणगीला जास्त जोर लागतो. एक जरी मागे पडली तरी गाडी अडखळते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून स्पार्क प्लग किंवा कॉइल थकली की गाडी आधी सीएनजीवर कुरकुर करते. माझ्या गाडीचे प्लग ४५ हजार किलोमीटर चालले होते. साधे प्लग ३०-४० हजारांनंतर बदलायला झालेलेच असतात, गॅसवर त्याहूनही लवकर. शिवाय एका कॉइलचं रबर चिरलं होतं, त्यातून पावसाळी ओल आत जात होती. चार प्लग, एक रबर आणि मजुरी, सगळं मिळून दीड हजाराच्या आत झालं. धक्के थांबले.

प्रत्येक गाडीचं कारण हेच असेल असं नाही. म्हणून काय दिसलं तर काय समजायचं, ते सांगते.

दोन्ही इंधनांवर अडखळत असेल, तर हवा आणि ठिणगी आधी बघा. एअर फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत हातानं किंवा साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतो. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ बघता फिल्टर काळा झालेला असणारच. कधी डब्यात उंदरानं कागद-चिंध्यांचं घरही केलेलं सापडतं, वायरी कुरतडलेल्या असतात. फिल्टरपुढची थ्रॉटल बॉडी काजळीनं भरली की सिग्नलला गाडी थरथरते आणि निघताना अडते. ती साफ करून घ्यायची. एखादी हवेची नळी चिरली असेल तर सुस्कारल्यासारखा आवाज येतो.

फक्त सीएनजीवर अडखळत असेल, तर प्लग, कॉइल, मग गॅसचा फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर, या क्रमानं तपासायला सांगा. गॅसच्या नळ्यांना घरी हात लावायचा नाही. वास आला तर इंजिन बंद, सगळ्यांनी बाहेर. आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख बघून ठेवा.

फक्त पेट्रोलवर अडखळत असेल, तर मात्र पंप, पेट्रोलचा फिल्टर आणि इंजेक्टर. आपण सगळ्या गॅसवर फिरतो आणि टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं. ते शिळं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल धरतं. म्हणून टाकी काठोकाठ भरून विसरू नका, रोज चार-पाच किलोमीटर तरी पेट्रोलवर चालवा.

आता आणखी एक खूण. इंजिनचा आवाज वाढतो, काटा वर जातो, पण गाडी पळत नाही, असं असेल तर बहुतेक क्लच घसरतोय. तिथे प्लग बदलून उपयोग नाही. आणि ज्या गाड्यांत क्लचचं पेडल नसतं, गिअर आपोआप पडतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्या गिअर बदलताना थोड्या थांबतातच. पहिल्या दिवसापासून तसं असेल तर तो बिघाड नव्हे.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्कॅनर लावायला सांगा. स्टिअरिंगखाली त्याची जागा असते. 'पी ०३००' असा कोड आला तर ठिणगी किंवा जळण नीट होत नाही, 'पी ०१७१' आला तर हवा जास्त, इंधन कमी. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतो, कशाचा ते शोधावं लागतं. दिवा उघडझाप करत असेल तर पाय हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतं, आणि तो भाग फार महाग असतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी नीट चालत नाही" एवढंच सांगू नका. वही उघडून वाचून दाखवा. "कशावरून?" हा प्रश्न विचारा, न रागावता, पण उत्तर मिळेपर्यंत. स्वस्त भाग आधी तपासायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं.

आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी अडखळणारच, हे धरून चालवा. फटीतून वळू नका, दुहेरी रस्त्यावर ओव्हरटेक करू नका, मागचा माणूस कितीही हॉर्न वाजवू दे. ज्या इंधनावर बरी चालते त्यावर ठेवा.

महिन्याभरानं मी त्याच गॅरेजसमोरून जात होते. तो म्हणाला, "ताई, पंप बदललात ना?" मी थांबले आणि काय निघालं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "गॅसवर धक्के मारते हे तुम्ही सांगितलंच नव्हतं." खरं होतं ते. मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. आता वही गाडीच्या कप्प्यातच असते, आणि सासूबाई शेजारी बसून विचारतात, "आज काही लिहायचंय का गं?"

तुमच्याही गाडीत एक वही ठेवा.