कर्जाचा कागद आणि न्यायाची वाट



१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, गहाणखते आणि कोर्टाचे हुकूमनामे हस्तगत करून त्यांची होळी करावी, हा त्याचा मुख्य हेतू. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याच्या बळावर आपली जमीन जाते, तो कागदच नाहीसा करणे, एवढा एकच मार्ग त्या निरक्षर कुणब्यापुढे उरला होता.

वास्तविक पाहता कायदा तेव्हाही नव्हता असे नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याजाचे डोंगर साचू नयेत, हा त्यामागचा उद्देश. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. संरक्षणासाठी केलेला कायदा फासासारखा आवळला गेला. कोर्टात तर बहुसंख्य ऋणको हजरच होत नसत आणि दावे एकतर्फी निकालात निघत. कायद्याच्या अक्षरांत आणि माणसाच्या हातात अंतर राहिले, की त्या अंतरात धनकोच उभा राहतो, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

१८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांसाठी सरकारने वेगळा कायदा केला. कर्जापायी होणारी कैद त्याने बंद केली आणि रोख्यामागचा सारा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. परंतु सावकाराने यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखतच लिहून मागू लागला.

ती रीत आजही मेलेली नाही. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाचे कलम १८ महत्त्वाचे आहे. विक्रीच्या नावाने घेतलेली जमीन वस्तुतः सावकारीच्या व्यवहारात गेली असे चौकशीत सिद्ध झाले, तर तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम जिल्हा निबंधक करू शकतो. परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. मात्र यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो, पुरावा जोडावा लागतो, सहकार खात्याच्या कचेरीत तारखांना जावे लागते. एकट्या विधवेने किंवा शेतमजुराने हे करावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे कायदा कागदावरच ठेवणे होय.

दरम्यान सावकाराचे रूपही पालटले आहे. बचत गटांच्या दारात आज लघुवित्त कंपनी उभी असते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या प्रकरणांत दिला. त्यामुळे या कर्जांबाबत आधार उरतो तो रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा. २०२२ साली तिने ठरवले की, वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे कर्ज विनातारण द्यावे, कुटुंबावरील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, आणि कर्जाचे कार्ड ऋणकोला समजेल अशा भाषेत असावे. धमकावून वसुली करण्यास मनाई झाली. पण त्याच वेळी व्याजदरावरची ठरावीक मर्यादा उठवण्यात आली, ही गोष्ट विसरता येणार नाही. तिसरे कर्ज गळ्यात मारताना उत्पन्नाचा आकडा फुगवून लिहिला गेला, तर निम्म्याच्या मर्यादेला अर्थ काय राहिला? तो आकडा त्या बाईला सहीपूर्वी वाचून दाखवणारे कोणी हवे.

येथे कायदेविषयक कामाचे खरे स्थान आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली अनुच्छेद ३९ अ घटनेत आले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व अपंग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकिलाचा हक्क दिला. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी समिती आहे. तरीही गावातील किती जणींना हे ठाऊक आहे?

लोकअदालतीचेही तसेच. तेथे कोर्ट फी नाही, खर्च नाही, हे खरे. परंतु तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. बँका व कंपन्या वसुलीची प्रकरणे गठ्ठ्याने तेथे आणतात. तडजोड नाकारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, हे न सांगता ऋणकोचा अंगठा घेतला गेला, तर १८७५ पूर्वीचा एकतर्फी हुकूमनामाच नव्या वेषात परत आला असे म्हणावे लागेल.

चळवळीतील काही साथी म्हणतात की, हे सुधारणावादी काम आहे; अर्ज-विनंत्यांनी व्यवस्था बदलत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पतपुरवठ्याची विषम रचना, शेतमालाचे भाव आणि तुटपुंजी मजुरी यांवर लढा दिल्यावाचून कर्जबाजारीपणा संपणार नाही. परंतु ज्याची जमीन पुढच्या महिन्यात जाणार आहे, त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांबायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय दहा घरांचे कागद एकत्र वाचले गेले, की प्रत्येकाला आपले वाटणारे दुर्दैव सर्वांचे सारखेच आहे हे उघड होते. संघटनेची सुरुवात तेथूनच होते.

म्हणून प्रत्येक गावात निदान दोन कार्यकर्ते, त्यांतील एक स्त्री, या कामासाठी तयार व्हावेत. पावत्या जपणे, हिशेब मागणे, निबंधकाकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार लिहिणे, तारखेला ऋणकोबरोबर उभे राहणे, हे काही वर्षानुवर्षांच्या शिक्षणाचे काम नाही. वकील मंडळींनी आठवड्यातून एक दिवस त्यांच्या पाठीशी राहावे. सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो वाचून दाखवणारे त्याच्याजवळ कोणी नव्हते. आज ते माणूस गावात असणे, ही समाजवादी म्हणवणाऱ्यांची जबाबदारी आहे.