सांवलींतील अंगण आणि कृत्रिम हिरवळ



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनाशीं हंसतील. ज्या देशांत दूर्वा देवाला वाहतात, तेथें कारखान्यांत विणलेलें गवत अंगणांत पसरण्याचा विचार कशाला? परंतु शहरांतील अंगणांची आजची अवस्था पाहिली, म्हणजे हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. शेजारीं उंच इमारत उभी राहते, दारचा आंबा पसरतो, आणि जमिनीवर ऊन म्हणून पडेनासें होतें. दूर्वेला ऊन भरपूर लागतें; सांवलींत ती विरळ होत होत नाहींशी होते. मागें उरते ती उघडी काळी माती. पावसाळ्यांत तिचा चिखल होतो, त्यावर शेवाळ धरतें, आणि घरांतील वृद्ध माणसें घसरून पडण्याच्या भीतीनें चार महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नाहींत.

या कृत्रिम हिरवळीचा इतिहासही सांवलीशींच निगडित आहे. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं १९६५ सालीं ॲस्ट्रोडोम नांवाचें छप्पर असलेलें भव्य क्रीडागृह उघडण्यांत आलें. आंत खरें गवत लावलें होतें. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशानें खेळाडूंचे डोळे दिपूं लागले, म्हणून तावदानें रंगविलीं. तेव्हां प्रकाशावांचून गवत मेलें. अखेर १९६६ सालीं तेथें कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. पुढें १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें हॉकी अशाच पृष्ठभागावर खेळली गेली, आणि त्या वर्षीं आपला संघ सातव्या क्रमांकावर राहिला, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

आतां आपल्या मातीकडे वळूं. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली कीं आकसते. वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. श्रावणांत त्याच भेगा मिटून माती वर उचलली जाते. शिवाय तिच्यांतून पाणी अतिशय मंद गतीनें खालीं उतरतें. अशा मातीवर नुसती गुंडाळी उलगडून हिरवळ अंथरली, तर पहिल्याच पावसाळ्यांत तिला उंचवटे येतात, खालीं पाणी सांचून कुबट वास सुटतो, आणि पैसा व्यर्थ जातो. म्हणून खरें काम वरच्या हिरव्या आवरणाचें नसून खालच्या पायाचें आहे.

हें काम दिवाळीनंतर करावें. त्या वेळीं माती फार ओली नसते आणि फार भेगाळलेलीही नसते. प्रथम सुमारें सहा इंच माती काढून टाकावी. तळाला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा; दर दहा फुटांस सव्वा इंच पुरे. हा उतार विसरल्यास वरची खडी म्हणजे मातीच्या परातींत सांठविलेलें पाणीच होय. उताराच्या शेवटीं खडीनें वेढलेली छिद्रांची नळी घालावी व तिचें तोंड गटाराकडे न नेतां शोषखड्ड्याकडे न्यावें. मात्र तो खड्डा काळी माती भेदून खालच्या मुरमापर्यंत पोंचला पाहिजे.

त्यानंतर तळ चोपून त्यावर जिओटेक्स्टाइलचें कापड अंथरावें. यांतून पाणी जातें, परंतु चिखल खडींत वर चढत नाहीं. त्याऐवजीं प्लॅस्टिकचा कागद घालूं नये. तो पाणी अडवितो. कापडावर चार इंच खडी दोन थरांत घालून प्रत्येक थर धुमसानें चोपावा. स्वस्त पडतो म्हणून मातकट मुरूम वापरूं नये, कारण तो पावसांत पुन्हां चिखल होतो. वर इंचभर बारीक चुरी पसरून पृष्ठभाग सारखा करावा, पण उतार मोडूं देऊं नये. हिरवळीची गुंडाळी कांहीं तास उन्हांत उलगडून ठेवली म्हणजे तिच्या घड्या निघतात. सर्व तुकड्यांच्या तंतूंचा कल एकाच दिशेला ठेवावा; सांधे एकावर एक न चढवितां कडेला कड लावून खालून पट्टीनें चिकटवावे. सांवलींत गोंद सावकाश वाळतो, तेव्हां घाई करूं नये. शेवटीं धुतलेली कोरडी वाळू पसरून ती झाडूनें तंतूंत बसवावी.

पुढील निगा सोपी आहे, पण ती टळत नाहीं. झाडाखालीं पडलेला पाला कुजला कीं त्यावर शेवाळ येतें. म्हणून आठवड्यांतून एकदां ताठ झाडू फिरवावा. जळती शेगडी, उकळतें पाणी आणि दिवाळींतील फटाके यांपासून ही हिरवळ दूर ठेवावी, तंतू वितळतात. भर उन्हांत ती पायाला चटका बसेल इतकी तापते. त्या दृष्टीनें सांवलीची जागाच तिला योग्य.

एवढें सांगितल्यावर एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. ज्या झाडाच्या सांवलीमुळें हा सारा खटाटोप, त्याचींच मुळें खणतांना तुटतात. थोडक्या चिखलाच्या बदल्यांत पन्नास वर्षांचा आंबा गमावणें हा कोणता हिशेब? म्हणून बुंध्याभोंवतीं विस्तीर्ण आळें मोकळें सोडावें, आणि जाड मूळ लागलें कीं खणणें थांबवून हिरवळीची कड तेथेंच आणावी. दुसरें असें कीं, हें गवत प्लॅस्टिकचें आहे. तें झिजतें, त्याचे कण पाण्याबरोबर वाहून जातात, आणि जीर्ण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावणें सोपें नसतें. त्याखालीं गांडूळ राबत नाहीं कीं त्यावर दंव पिणारें पान उगवत नाहीं.

तेव्हां माझें मत असें आहे. जेथें वृद्धांची ये-जा आणि मुलांचें खेळणें आहे, तेवढीच जागा कृत्रिम हिरवळीनें झांकावी. पायवाटेला शहाबादी फरशी सांध्यांत फटी ठेवून बसवावी. उरलेल्या ओल्या कोपऱ्यांत नेचे लावावे. त्यांना सांवली मानवते. घरांतील माणसांना अंगण परत मिळावें आणि जमिनीचेंही जमिनीजवळ कांहीं उरावें, एवढा विवेक राखला म्हणजे पुरे. गणपतीच्या दूर्वांसाठीं मात्र उन्हांतली एक कुंडी अवश्य ठेवावी.