घाट उतरण्याआधी

कामशेतचे आमचे मिस्त्रीचाचा ‘कसला आवाज?’ असं विचारतच नाहीत. ‘कधी येतो?’ एवढंच विचारतात. वेगाबरोबर घूंघूं वाढली, तर बहुधा चाकाचं बेअरिंग. वळताना टकटक, तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. ब्रेक दाबल्यावर चीं ऐकू आली, तर पॅड झिजलेत. अनेक पॅडांना मुद्दाम तशी पत्री लावलेली असते, डिस्कला घासून ओरडणारी. (नेमका शब्द म्हणावा तर हा!) पण चीं जाऊन खरखर सुरू झाली, की लोखंडावर लोखंड. मग लोणावळ्यातच थांबावं. पुढे खंडाळ्याचा उतार. खालचा गिअर वेग आवरतो, गाडी थांबवायला ब्रेकच लागतात.

मुंबईला निघालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला होता. चाचांनी आधी तो बंद केला.