एकट्याच्या प्रवासाची नौका

जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गांवीं वाढलेल्या मनुष्यास समुद्र दूरचा; परंतु साठविलेलें पाणी किती दिवस पुरेल, हा हिशेब त्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. जुनी शिडाची नौका दुरुस्त करून तींत एकट्यानें राहावें व दूरदूर फिरावें, असें ज्याच्या मनांत येईल, त्याची पहिली विद्या हीच होय. दुसरी विद्या कोणती, तें मुंबईंत बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेच्या इतिहासावरून कळेल.

‘सुहेली’ हें इराणच्या आखातांतील आग्नेय वाऱ्याचें अरबी नांव. कुलाब्याच्या कारखान्यांत येथील सुतारांनीं वाकस आणि सामता चालवून ही ३२ फुटी सागवानी नौका घडविली व १९६४ सालीं ती पाण्यांत उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरील अधिकारी. दोघां सोबत्यांसह ते ती इंग्लंडास घेऊन गेले. पुढें १९६८ सालीं एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर झाली. नव्या मोठ्या नौकेस पैसा मिळेना. तेव्हां वापरलेल्या ‘सुहेली’चीच तयारी सुरू झाली.

तिघांची नौका एकट्यासाठीं सिद्ध करणें म्हणजे केवळ दोन बिछाने कमी करणें नव्हे. एकटा मनुष्य निजला असतां सुकाणू कोणी धरावें? यासाठीं वाऱ्याच्या दिशेनें वळणारें पातें बसवून त्याच्याकडून सुकाणूचें काम करवून घेतात. प्रत्येक दोर एकाच्या हातास पेलला पाहिजे. अन्न व पाण्याचें ओझें असें वांटून ठेवावें लागतें कीं, नौकेचा तोल ढळूं नये, आणि अंधारांतही हवी ती वस्तु हातास लागावी.

१४ जून १९६८ रोजीं नौकेनें फालमथ बंदर सोडलें आणि समुद्रानें या तयारीची परीक्षा आरंभली. अटलांटिक महासागरांतच कण्यालगतच्या सांध्यांतून पाणी आंत येऊं लागलें. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं पाण्याखालीं बुड्या मारून फटींत कापूस ठोकला. वर कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा बसविला. पुढें टांक्यांतील पाणी नासलें, तेव्हां शिडांवरून ओघळणारें पावसाचें पाणी धरावें लागलें. ऑस्ट्रेलियाजवळ सुकाणूचें यंत्र निकामी झालें. तेव्हां शिडांचा मेळ साधून नौका आपली दिशा आपणच धरील, अशी युक्ति त्यांनीं योजिली. २२ एप्रिल १९६९ रोजीं ते परतले. नऊ जण निघाले होते. स्पर्धा पुरी करणारे हे एकटेच.

नवलाची गोष्ट पुढेंच आहे. ग्रिनिच येथील नाविक संग्रहालयांत ही नौका मानानें ठेविली, तेव्हां दालनाच्या कोरड्या हवेनें तिच्या फळ्या आकसूं लागल्या! २००२ सालीं तिला तेथून हलविलें. मालकानेंच वर्षानुवर्षें खपून तिचे गंजलेले लोखंडी खिळे काढून ब्राँझचे बसविले आणि ती पुन्हां पाण्यांत सोडली. ज्या लाटांनीं झिजविलें, त्याच लाटांवर तें लाकूड सुखी होतें.

तिच्याच धर्तीवर गोव्यांत बांधलेली ‘तुरीया’ २०१७ सालीं पाण्यांत उतरली. ती घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या स्पर्धेंत निघाले. परंतु हिंदी महासागरांतील वादळांत डोलकाठ्या मोडल्या, पाठीस जबर दुखापत झाली, आणि परक्या जहाजानें त्यांस वांचविलें. उत्तम बांधणी व अनुभवी नाविक असतांही समुद्र कोणास वचन देत नाहीं.

मग तयारीचें फळ काय? दुसरी विद्या ती हीच: आपल्या नौकेचा प्रत्येक सांधा आपल्या हाताखालून गेलेला असावा. संकट टळेलच असें नाहीं. पण ज्यानें तो सांधा स्वतः बुजविला, त्यास मध्यरात्रीं पाणी कोठून येतें, हें शोधीत बसावें लागत नाहीं. एकट्याच्या प्रवासांत हेंच ज्ञान त्याचा सोबती होय.